पहिला मल्टिमीटर घेतला, आता पुढे काय? ५५५ चा ब्लिंकर करता करता मोजायला शिका

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद नव्याने लागला की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी किट येतं, मग एखादं सर्किट बघून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड) लावलं जातं, ते चालत नाही, मग आयसी बदलला जातो, तरी चालत नाही, मग दुसऱ्या दुकानातून "ओरिजिनल" आयसी आणला जातो, आणि शेवटी कुणाला तरी विचारलं जातं की सर सगळं बदललं तरी चालत नाही, काय करू. आणि मीटर? मीटर डब्यात. आयसी बिचारा दहातल्या नऊ वेळा चांगलाच असतो, वायर एक भोक बाजूला गेलेली असते. म्हणून हा लेख सर्किट कसं जोडायचं यापेक्षा जोडताना कुठे कुठे मीटर लावायचा आणि तिथे किती दिसायला पाहिजे याबद्दल जास्त आहे. सर्किट एकदम साधं घेतलंय, १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्यातून ७८०५ (व्होल्टेज रेग्युलेटर) वापरून ५ व्होल्ट, आणि त्यावर ५५५ (टायमर आयसी) चा एलईडी ब्लिंकर. दोन संध्याकाळी पुरे होतात, घाई नको.

एक गोष्ट आधीच सांगतो, यात घरातल्या २३० व्होल्टला कुठेही हात लावायचा नाही. तयार अडॅप्टर प्लगमध्ये, आणि आपण त्याच्या १२ व्होल्टच्या पिनपासून पुढे. टीव्हीचा किंवा चार्जरचा एसएमपीएस (मेन्सवरून कमी डीसी व्होल्टेज बनवणारा सप्लाय) उघडून शिकायला बसू नका, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो (२३० गुणिले १.४१४ करून बघा) आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच बसून राहतो.

पायरी १: मीटर कुठला आणि त्याची खोड काय

सगळ्यात स्वस्त म्हणजे तो पिवळा डीटी ८३०डी, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मधे मोठा नॉब. शिकायला चालतो का? लो व्होल्टेजला अगदी मस्त चालतो. फक्त त्याच्या तीन खोडी माहीत पाहिजेत. पहिली, त्याचं १० अँपिअरचं भोक बहुतेक वेळा फ्यूजशिवाय असतं, त्याच्या शेजारी तसं लिहिलेलं पण असतं पण कोण वाचतो. दुसरी, व्होल्टेज मोजताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगाओहम असतो, जरा बऱ्या मीटरला १० मेगाओहम असतो, आपल्या या सर्किटला त्याने फरक पडत नाही पण पुढे मोठ्या व्हॅल्यूच्या रेझिस्टन्सवर मोजायला गेलात की मीटरच सर्किटचा भाग होऊन रीडिंग खाली ओढतो. तिसरी खोड सगळ्यात वाईट, बॅटरी उतरायला लागली की हा मीटर कमी नाही तर जास्त दाखवतो. १२ चा अडॅप्टर १४ दाखवतोय, ५ चे ५.८ दिसतायत, आणि माणूस ७८०५ ला शिव्या देतोय. अशा वेळी नवा कोरा पेन्सिल सेल मोजायचा, १.५ ते १.६ च्या मधे दाखवला पाहिजे, त्याच्या वर गेला तर आधी मीटरची बॅटरी बदला.

घरच्या मेन्सवर (२३० व्होल्टवर) मोजायची वेळ येणार असेल तर मात्र हा पिवळा मीटर वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी फ्यूज असलेला, कॅट थ्री (मीटरची सुरक्षिततेची श्रेणी) लिहिलेला आणि ते लिहिलेलं खरं असेल अशा कंपनीचा मीटर घ्या. कॅट टू म्हणजे सॉकेटला लागणारी उपकरणं, कॅट थ्री म्हणजे घरातलं वायरिंग आणि डीबी (एमसीबींचा बोर्ड), कॅट फोर म्हणजे बाहेरून सप्लाय येतो ती बाजू. स्वस्त मीटरवर पण कॅट थ्री छापलेलं सापडतं, छापायला काय जातंय.

आणि हो, नवीन लोकांना हमखास घाबरवणारा प्रकार, स्विच बंद असूनही मीटर बल्बच्या होल्डरवर ४०-६० व्होल्ट दाखवतो. स्विचपासून होल्डरपर्यंतची वायर कशालाच न जोडलेली, मोकळी असते, शेजारून जाणाऱ्या फेजच्या वायरमुळे तिच्यावर थोडंसं व्होल्टेज येतं आणि मीटरचा रेझिस्टन्स प्रचंड असल्यामुळे तेवढंही त्याला दिसतं. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मिणमिणतो त्याचंही बऱ्याचदा हेच कारण.

पायरी २: सर्किटच्या आधी हात बसवा

मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या, २०० च्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. शून्य दिसणार नाही, ०.३, ०.५ असं काहीतरी दिसेल, तो वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स आहे. आकडा नाचत असेल किंवा कधी ओपन दाखवत असेल तर प्रोबची वायर आतून तुटत आलीय, तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्वस्त मीटरमधे मीटर बिघडायच्या आधी प्रोब बिघडतात.

मग एक १० के चा (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टन्स घ्या, पट्टे तपकिरी-काळा-नारिंगी. २० के च्या रेंजवर मोजा, ९.८ किंवा १०.१ असलं काही आलं की ठीक, सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे. आता १ मेगाओहमचा घ्या आणि दोन्ही टोकं बोटांनी प्रोबवर दाबून मोजा, मग एका टोकाचा हात काढून मोजा. आकडा बदलला ना? तुमचं शरीर त्याला समांतर लागलं होतं. सर्किटमधे लावलेला रेझिस्टन्स तिथल्या तिथे मोजला की कमी दिसतो त्याचंही हेच कारण, आजूबाजूचे पार्ट समांतर लागतात, म्हणून संशय असेल तर निदान एक पाय तरी बाहेर काढून मोजायचा. आणि सप्लाय चालू ठेवून ओहम किंवा कंटिन्युइटी (जोड आहे का ते बीपने सांगणारी रेंज) कधीच मोजायची नाही.

डायोडच्या चिन्हावर नॉब आणून १एन४००७ मोजा. एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या मधे काहीतरी, उलट्या दिशेने काही नाही. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर डायोड शॉर्ट. याच रेंजवर लाल एलईडी लावला तर बऱ्याच मीटरवर तो अंधुक पेटतो, पांढरा किंवा निळा सहसा पेटत नाही कारण त्याला ३ च्या आसपास व्होल्ट लागतात. कंटिन्युइटीच्या बीपबद्दल एवढंच की मधे तीस-चाळीस ओहम असले तरी स्वस्त मीटर वाजतो, म्हणजे बीप आला याचा अर्थ जोड पक्का आहे असा नाही, आकडा पण बघायचा.

करंट मोजायची सवय मात्र आत्ताच लावू नका, ते शेवटी. कारण मोठ्या करंटसाठी (काही मीटरमधे कुठल्याही करंटसाठी) लाल प्रोब दुसऱ्या भोकात जातो, आणि तो तिथेच विसरून पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात की तुम्ही मीटरमधून सरळ शॉर्ट करता. आपल्या छोट्या अडॅप्टरवर फार काही होणार नाही, पण इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीवर हेच केलं तर प्रोबची वायर वितळते आणि ठिणगी तोंडावर येते.

पायरी ३: सामान

पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. तिथे जाताना यादी कागदावर लिहून न्या, काउंटरवर गर्दी असते आणि मागच्या माणसाला पण घाई असते, "एक रेझिस्टन्स द्या" म्हटलं की किती ओहम, किती वॅट, आणि कपॅसिटर म्हटलं की किती व्होल्टचा हे विचारणारच. गावात असाल तर ऑनलाइन मागवा, किंवा टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाशी ओळख करून घ्या, त्याच्याकडच्या भंगार बोर्डांवर निम्मं सामान असतं आणि शिवाय तो शिकवतो पण.

आपल्याला लागतं ते असं: १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर (जुन्या राउटरचा चालेल, वरचं लेबल वाचा), त्याचा स्क्रूवाला डीसी जॅक, ब्रेडबोर्ड, ७८०५ दोन, ५५५ दोन, रेझिस्टन्स सगळे पाव वॅटचे ३३० ओहम, १० के आणि ६८ के प्रत्येकी पाच-दहा, १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक दोन, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक, डिस्क कपॅसिटर १०३ आणि १०४ आणि ३३४ (हे वर छापलेले कोड, म्हणजे ०.०१, ०.१ आणि ०.३३ मायक्रोफॅरड), लाल एलईडी चार-पाच. दोन दोन घ्यायचं कारण म्हणजे एखादा खरंच खराब निघाला तर बदलून बघायला जवळ असावा, पुन्हा गल्लीत चक्कर नको.

जम्पर वायर विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही. लॅन केबलच्या आत जी एकसंध तांब्याची तार असते ती ब्रेडबोर्डमधे छान बसते, एक हात केबल सोलली की आठ वायर, त्याही रंगीत. बारीक बारीक तारांची गुंडाळलेली वायर मात्र भोकात शिरत नाही, तिचा एखादा केस बाहेर राहून शेजारच्याला चिकटतो.

सोल्डरिंगचं सामान, पॉवर सप्लाय, महागडं स्टेशन, यातलं काही आत्ता नको.

पायरी ४: ५ व्होल्ट बनवा आणि आधी फक्त तेच मोजा

अडॅप्टर प्लगला लावा, ब्रेडबोर्डला काहीही न जोडता जॅकच्या स्क्रूवर मीटर लावा, डीसी २० व्होल्टची रेंज. आता दोन गोष्टी बघायच्या. एक, लाल प्रोब ज्याच्यावर आहे तो प्लस आहे का, मायनसचं चिन्ह आलं तर उलटा. बहुतेक अडॅप्टरची मधली पिन प्लस असते पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. दोन, आकडा किती. हलका, एसएमपीएसवाला अडॅप्टर असेल तर १२ च्या अगदी जवळ दाखवेल. हातात जड लागणारा जुना ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर १६-१७ पण दाखवू शकतो, तो खराब नाही, लोड नसताना तो तसाच वागतो आणि लोड दिला की खाली येतो. ७८०५ ला दोन्ही चालतात, त्याची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट आहे.

अडॅप्टर काढा. ७८०५ ब्रेडबोर्डमधे लावा, छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलं तर डावीकडचा इनपुट, मधला ग्राउंड, उजवीकडचा आउटपुट. ही चाल फक्त ७८xx ची, ७९०५ ची वेगळी आणि एलएम३१७ ची आणखी वेगळी, दिसायला सगळे सारखेच, म्हणून दरवेळी डेटाशीट (कंपनीने दिलेला माहितीचा कागद) बघायची. इनपुट ते ग्राउंड ३३४ चा डिस्क आणि १०० मायक्रोचा इलेक्ट्रोलिटिक, आउटपुट ते ग्राउंड १०४ आणि १० मायक्रो. डिस्क कपॅसिटर ७८०५ च्या पायांच्या अगदी शेजारी लावा, लांब नेऊन लावले तर त्यांचा उपयोग जातो आणि रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट वेगाने वरखाली होऊ लागतं. इलेक्ट्रोलिटिकवर ज्या बाजूला पट्टा तो मायनस, उलटा लागला तर गरम होऊन फुगतो, कधी फुटतो.

आता अडॅप्टर लावा आणि काळा प्रोब ग्राउंडला ठेवून तीन आकडे घ्या. इनपुटवर अडॅप्टरचा आकडा, मधल्या पायावर शून्य, आउटपुटवर ४.८ ते ५.२ च्या मधे काहीतरी. आउटपुटवर जवळजवळ इनपुटएवढंच आलं तर मधला पाय ग्राउंडला लागलेला नाही, किंवा इनपुट-आउटपुट शॉर्ट आहेत. शून्य आलं आणि आयसी चटका देतोय तर आउटपुट शॉर्ट आहे. हे तीन आकडे बरोबर आल्याशिवाय ५५५ ला हात लावायचा नाही.

उष्णतेचं गणित इथेच करून टाकू कारण "७८०५ खूप तापतो, खराब आहे का" हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. १२ मधून ५ करताना मधले ७ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. आपला ब्लिंकर आणि ७८०५ चा स्वतःचा खर्च धरून फार तर २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१४ वॅट, हाताला कोमट पण लागणार नाही. पण याच्यावर २५० मिलिअँपिअरचं काही लावलंत तर पावणेदोन वॅट, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसताना वॅटमागे साधारण ६५ अंश चढतात, म्हणजे खोलीच्या वर ११० हून जास्त. मे महिन्यात नागपुरात बसून हे केलं तर चिप दीडशेच्या पुढेच गेली म्हणा, मग ती स्वतःला वाचवायला आउटपुट पाडते, थंड झाली की परत चालू, आणि तुम्हाला वाटतं लूज कनेक्शन आहे. खराब नाही तो. हीटसिंक लावा किंवा १२ ऐवजी ९ चा अडॅप्टर घ्या. ७ च्या खाली मात्र जाऊ नका, त्याला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात.

पायरी ५: ५५५ जोडा

ही चिप हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी बनवली, १९७२ मधे बाजारात आली आणि अजून विकली जातेय, त्यामुळे तिच्याबद्दल माहिती हवी तेवढी मिळते. वरच्या बाजूला अर्धगोल खाच असते, खाच डावीकडे ठेवली तर खालच्या रांगेत डावीकडून १, २, ३, ४ आणि वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ५, ६, ७, ८. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बसवायची, नाहीतर समोरासमोरचे पाय एकमेकांना शॉर्ट होतात.

सप्लाय बंद ठेवून: १ ग्राउंडला. ८ आणि ४ दोन्ही ५ व्होल्टला. ८ पासून ७ पर्यंत १० के. ७ पासून ६ पर्यंत ६८ के (निळा-राखाडी-नारिंगी). ६ आणि २ एकमेकांना वायरने. २ पासून ग्राउंडला १० मायक्रो, पट्टा ग्राउंडकडे. ५ पासून ग्राउंडला १०३. ३ पासून ३३० ओहम, पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. ८ आणि १ च्या मधे एक १०४, जमेल तितका जवळ.

काही ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात, लाल रेघ जिथे थांबते तिथे आत पण जोड नसतो. कंटिन्युइटीवर ठेवून पट्टीच्या दोन्ही टोकांना प्रोब लावून आधीच बघून घ्या.

सप्लाय द्या. एलईडी साधारण सेकंदाला एकदा ब्लिंक होईल. सूत्र १.४४ भागिले (पहिला रेझिस्टन्स अधिक दुप्पट दुसरा) गुणिले कपॅसिटर, म्हणजे इथे १.४४ भागिले १.४६, जवळपास १ हर्ट्झ. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं आणि नेमका एक सेकंद आला नाही तर चुकलं नाही काही, इलेक्ट्रोलिटिक २० टक्के कमीजास्त असणं नॉर्मल आहे. चालू केल्यावरचा पहिला ब्लिंक जरा लांब असतो तेही बघा. कपॅसिटर पहिल्यांदा शून्यापासून भरतो, नंतर मात्र तो ५ व्होल्टच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशच्या मधेच, १.६७ ते ३.३३, वरखाली करत राहतो.

पायरी ६: ब्लिंक होत नाही, आता खरं काम सुरू

ब्लिंक झाला तरी ही पायरी करा. चांगल्या सर्किटचे आकडे वहीत लिहून ठेवले की बिघडलेल्याशी ताडून बघता येतात.

काळा प्रोब ७८०५ च्या मधल्या पायावर ठेवा, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या कुठल्या ग्राउंडवर नाही. हे मुद्दाम सांगतोय. आता लाल प्रोब ५५५ च्या पायावर टेकवायचा, ब्रेडबोर्डच्या भोकात घातलेल्या वायरवर नाही तर चिपच्या धातूच्या पायावर, आणि शेजारच्या पायाला टोक लागणार नाही असं.

१ नंबरच्या पायावर शून्य व्होल्ट. इथे एक-दोन व्होल्ट दिसले तर ग्राउंडची वायर नीट बसलेली नाही, आणि काळा प्रोब जर तुम्ही १ नंबरवरच ठेवला असता तर हे कधीच दिसलं नसतं. ८ वर ५ व्होल्ट. ४ वरही ५ व्होल्ट, हा रीसेट, मोकळा ठेवला तर कधी चालतं कधी नाही, आणि ग्राउंडला गेला तर एलईडी कायमचा बंद. ५ नंबरच्या पायावर ३.३ व्होल्टच्या आसपास, हा आकडा मला फार आवडतो, कारण चिपच्या आत ५ के चे तीन रेझिस्टन्स ओळीने असतात आणि हे व्होल्टेज तिथूनच येतं, म्हणजे ८ आणि १ दोन्ही चिपच्या आतपर्यंत पोचलेत याचा तो पुरावा. ५ नंबरचा आकडा बरोबर आला तर आयसी बदलायचा विचार तात्पुरता बाजूला ठेवा.

२ आणि ६ वर आकडा हळूहळू १.७ वरून ३.३ पर्यंत चढताना आणि उतरताना दिसेल, मीटर सेकंदाला दोन-तीनच रीडिंग घेतो त्यामुळे टोकं नेमकी पकडता येणार नाहीत, चालतं. दोन्हीवर वेगवेगळं दिसलं तर मधली वायर निघालीय. ३ वर एलईडी पेटला की साडेतीनच्या आसपास, विझला की शून्याजवळ. पूर्ण ५ येत नाही, एनई५५५ चं आउटपुट वर जाताना सव्वा-दीड व्होल्ट स्वतः खातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ३ वर आकडा वरखाली होतोय आणि एलईडी मेलाय तर चिप तिचं काम करतेय, एलईडी उलटा आहे किंवा रेझिस्टन्स ३३० ऐवजी ३३० के लागलाय.

आता एक खास केस, ही हमखास होते. एलईडी सलग पेटलेला, जरासा मंद, ब्लिंक नाहीच. ३ नंबरवर मीटर लावला तर ना शून्य ना साडेतीन, मधलंच काहीतरी, १.९ वगैरे, आणि एकदम स्थिर. नवीन माणूस इथे चिप खराब ठरवून मोकळा होतो. पण आउटपुटला वर किंवा खाली असे दोनच पर्याय असताना मधला आकडा येतोच कसा? मीटर सरासरी दाखवतोय. म्हणजे सर्किट चालतंय, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने. कपॅसिटर बघा, १० मायक्रोफॅरडच्या जागी १०३ लागलाय, १० हा आकडा दोघांच्याही तोंडी असतो पण १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड, हजारपट लहान, त्यामुळे १ हर्ट्झचे हजार हर्ट्झ झाले. एलईडीच्या जागी छोटा पिएझो बझर (आत सर्किट नसलेला साधा) लावलात तर शिट्टी ऐकू येईल.

सगळं नीट झाल्यावर करंट. सप्लाय बंद, ७८०५ च्या आउटपुटपासून ५५५ च्या पट्टीकडे जाणारी वायर काढा आणि त्या दोन टोकांच्या मधे मीटर, २०० मिलिअँपिअर रेंज. एलईडी पेटलेला असताना ८ च्या आसपास, विझल्यावर ३ च्या आसपास. मोजून झालं की, लाल प्रोब दुसऱ्या भोकात असेल तर सगळ्यात आधी तो व्होल्टच्या भोकात परत, मग नॉब बंद, मग बाकीची आवराआवर.

पायरी ७: अडलात तर विचारा, पण असं विचारा

"चालत नाही, हेल्प" याला उत्तर देणारा माणूस काय करणार, तोही अंदाजच मारणार, आणि मग तुम्ही त्याच्या अंदाजावर सामान विकत आणणार. अनुभवी मंडळी मदत करायला तयार असतात, फक्त त्यांना तुमच्या टेबलावर काय आहे ते दिसत नसतं. त्यामुळे हाताने काढलेलं सर्किट द्या, तुम्ही जे जोडलंय ते, पुस्तकातलं नाही. ब्रेडबोर्डचा फोटो सरळ वरून, दिवसाच्या उजेडात. चिपवर छापलेला पूर्ण नंबर, कारण एनई५५५ आणि सीमॉसवाला ७५५५ वेगळे वागतात. आणि पायवार व्होल्टेज, काळा प्रोब कुठे होता त्यासकट. बऱ्याचदा हे आठ आकडे लिहिता लिहिताच चूक तुमची तुम्हालाच सापडते आणि विचारायची वेळच येत नाही.

दोन जणांनी दोन वेगळे सल्ले दिले तर वयाने मोठा कोण हे बघू नका, कोणाच्या सल्ल्याने एक नवीन आकडा मोजायला मिळतो ते बघा. "अमुक बदलून टाक" पेक्षा "अमुक पायावर किती येतंय सांग" म्हणणारा माणूस जवळ ठेवा. आणि एका वेळी एकच बदल, दोन वायरी आणि आयसी एकदम बदलून चालू झालं तर काय झालं होतं ते कोणालाच कळत नाही.

पायरी ८: पुढची खरेदी

आधी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० ची (कथील-शिसं) चांगली सोल्डर तार, आत रोझिन फ्लक्स असलेली. तार स्वस्तातली घेऊ नका, डाग मुरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. त्यानंतर दुसरा मीटर, तो पिवळाच चालेल, कारण एकावर व्होल्टेज आणि दुसऱ्यावर करंट एकाच वेळी दिसायला लागले की निम्मे प्रश्न सुटतात.

सीआरओ (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) तिसऱ्या नंबरला. कॉलेजच्या लॅबमधून किंवा जुन्या बाजारातून २० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग मिळाला तरी वर्ष-दोन वर्षं पुरतो, नवीन डिजिटल घेतला तर दोन चॅनलचा घ्या. पण हात लावायच्या आधी हे डोक्यात पक्कं करा की प्रोबची ती मगरीच्या तोंडाची क्लिप आतून थेट मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते. मीटरचा काळा प्रोब कुठेही लावायची सवय झालेली असते, ती सवय इथे चालत नाही, क्लिप एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला लावली की मोठा धमाका, प्रोब गेला आणि सीआरओही गेला. त्यावर अर्थची पिन कापून टाकायचा "जुगाड" काही जण सांगतात. अजिबात करू नका, मग सीआरओची धातूची बॉडीच लाइव्ह होते.

आपल्या ब्लिंकरवर मात्र बिनधास्त लावा, अडॅप्टर आयसोलेटेड (त्याचं आउटपुट मेन्सपासून वेगळं ठेवलेलं) असतो. आधी प्रोबचा स्विच १०एक्स वर टाकून सीआरओच्या पुढे असलेल्या कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावा, तिथे साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर असते, तिचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसत असतील तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून सरळ करा. मग १० मायक्रो काढून तिथे मुद्दाम १०३ लावा, क्लिप ग्राउंडला, प्रोब आधी ३ नंबरवर आणि मग २ नंबरवर. पहिल्या ठिकाणी चौकोन दिसेल, वरचा भाग खालच्यापेक्षा किंचित लांब, कारण भरताना करंट १० के आणि ६८ के दोन्हीतून जातो आणि रिकामं होताना फक्त ६८ के मधून. दुसऱ्या ठिकाणी किंचित वाकलेल्या कडांचे त्रिकोण, १.६७ आणि ३.३३ च्या मधे.